यो-यो निर्मिती, लघु कंपन्यांची

मध्यभागी आसाने जोडलेल्या दोन समान तबकड्या आणि त्या आसाला अडकवलेली दोरी एवढ्यावर चालणाऱ्या यो-यो या खेळण्याची सामान्य ओळख वाचकाला असतेच. प्रस्तुत नोंदीचा विषय त्याहून मर्यादित आहे : अचूक यंत्रांवर कातलेले, मुख्यतः ॲल्युमिनियमाचे यो-यो थोड्या संख्येने तयार करून ते बहुधा थेट खेळाडूंना विकणाऱ्या छोट्या कंपन्यांचा व्यवसाय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, जपान, चीन आणि काही यूरोपीय देश ही त्याची मुख्य क्षेत्रे असून त्याचे आजचे रूप साधारणतः १९७८ ते २०१० या काळात घडले.

प्राचीनत्व व नाव : हे खेळणे किती जुने, याविषयी मतभेद आहेत. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रंगवलेल्या एका ग्रीक पात्रावर एक मुलगा दोरीला लोंबणारी तबकडी खेळवताना दिसतो. हे पात्र बर्लिनच्या संग्रहात आहे. त्याच काळातील भाजलेल्या मातीच्या, मध्ये खाच असलेल्या जोडतबकड्याही सापडल्या आहेत. काही अभ्यासक त्यांना यो-यो मानतात, तर काही त्यांना रीळ किंवा देवतेला वाहावयाची वस्तू समजतात. पात्रावरील चित्र खेळाचेच आहे, याविषयी फारसा वाद नाही. मातीच्या तबकड्यांबाबत मात्र दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्यांवरील नाजूक चित्रकाम आपटणाऱ्या खेळण्याला शोभणारे नाही. भारतात राजस्थानातील बुंदी किंवा कोटा शैलीच्या, सुमारे १७७० च्या एका लघुचित्रात स्त्री हे खेळणे खेळताना दाखवली आहे. सूरदासाच्या नावावरील ब्रज पदांत भोवऱ्याच्या जोडीने येणारी ‘चकडोरी’ ही हीच वस्तू असावी, असे शब्दावरून दिसते. ते मान्य केल्यास भारतीय पुरावा आणखी मागे जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील उमरावांत व पाठोपाठ इंग्लंडात याची लाट आली आणि तिथे ‘बँडलोर’ हे नाव रूढ झाले. अमेरिकेतील ओहायओ राज्यातील दोघांना १८६६ मध्ये सुधारित बँडलोरचे एकस्व (पेटंट) दिले गेले.

‘यो-यो’ हा शब्द फिलिपीन्समधला. तो तागालोग भाषेतील असून त्याचा अर्थ ‘परत ये’ असा आहे, हे लोकप्रिय विधान कोशकार स्वीकारत नाहीत. त्यांचा कल तो इलोकानो भाषेतील मानण्याकडे आहे आणि तेच ग्राह्य धरावे. फिलिपीन्समध्ये झाडावरून शिकारीवर फेकण्याचे हे शस्त्र होते, ही कथाही विक्रीच्या जाहिरातींतून जितकी पसरली तितका तिला पुरावा मिळालेला नाही.

व्यवसायाची सुरुवात : पेद्रो फ्लोरेस या फिलिपीन्समधील इलोकोस नोर्ते प्रांतातून आलेल्या स्थलांतरिताने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे यो-यो तयार करणारी कंपनी काढली. आज ज्याला छोटी कंपनी म्हणतात तिचा हा पहिला ठळक नमुना होय. आपण यो-योचा शोध लावल्याचा दावा फ्लोरेसने केला नाही. त्याच्या देशातील पद्धत त्याने बाजारात आणली. या पद्धतीत दोरी आसाला गाठ मारून बांधत नाहीत, तर दुहेरी पिळून तिचा फास आसाभोवती सैल ठेवतात. त्यामुळे तबकडी खाली जाऊन जागच्या जागी फिरत राहते. खेळाडूंच्या भाषेत ती ‘झोपते’. बहुतेक करामती या झोपण्यावर उभ्या आहेत. डोनाल्ड डंकन या व्यावसायिकाने फ्लोरेसची कंपनी विकत घेतली. व्यवहाराचे वर्ष काही ठिकाणी १९२९, तर काही ठिकाणी १९३० असे मिळते. पुढे डंकन कंपनीने ‘यो-यो’ हा शब्दच आपली व्यापारमुद्रा म्हणून नोंदवला आणि इतर उत्पादकांना ‘परत येणारा भोवरा’ अशा आडवळणाच्या नावांनी माल विकावा लागला. विस्कॉन्सिनमधील लक या गावी १९४६ पासून तिचा मेपल लाकडाचे यो-यो कातणारा मोठा कारखाना होता. १९६५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने हा शब्द सामान्यनाम झाल्याचा निर्णय दिला व त्याच वर्षी डंकन कंपनीचे दिवाळे निघाले. तिचे नाव नंतर फ्लॅम्बो या प्लॅस्टिक उत्पादक कंपनीकडे गेले. इतिहासलेखनात या निकालाची नोंद दिवाळ्याच्या संदर्भात होते. छोट्या कंपन्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे : आपल्या मालाला त्याच्या नावाने हाक मारण्याचा हक्क त्यांना या निकालाने मिळाला.

सॅन फ्रॅन्सिस्कोतील दंतवैद्य टॉम कून याने १९७८ च्या सुमारास ‘नो जाइव्ह’ हा मेपलचा, सुटा करता येणारा यो-यो काढला. त्याचे अर्धे भाग उलटसुलट जोडून तीन आकार करता येत आणि झिजलेला लाकडी आस बदलता येई. खेळणे तुटले की टाकून न देता दुरुस्त करावे, ही कल्पना तोवर या धंद्यात रुळलेली नव्हती. कूनने पुढे ॲल्युमिनियमाचा ‘सिल्व्हर बुलेट’ व १९९० मध्ये गोळ्यांच्या धारव्याचा, म्हणजे बेअरिंगचा, ‘एसबी-२’ आणला. धारव्याचा पहिला वापर कोणाचा, यावर मात्र एकवाक्यता नाही. एसकेएफ या धारवे बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीने १९८४ मध्ये जाहिरातीची वस्तू म्हणून असा यो-यो काढला होता, तेव्हा निव्वळ कालक्रमाने मान तिचा. परंतु धारवा, धातूची काया आणि दोन भागांतील फट कमीजास्त करण्याची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र विचारपूर्वक योजणारा म्हणून कूनकडे झुकते माप देणे योग्य ठरेल. जपानमध्ये १९९७ पासून बांदाई कंपनीच्या ‘हायपर यो-यो’ मालिकेने जी लाट उठवली, तिच्यात वाढलेली मुलेच २००० नंतरच्या अनेक छोट्या कंपन्यांची ग्राहक झाली, काही मालकही झाली.

रचना : आधुनिक करामतींचा यो-यो साधारणतः ५५ ते ५७ मिमी. व्यासाचा, ४० ते ४८ मिमी. रुंदीचा आणि ६० ते ६८ ग्रॅम वजनाचा असतो. वजन शक्य तेवढे कडेला ठेवतात, कारण निरूढी परिबल, म्हणजे फिरणे चालू ठेवण्याची वस्तूची वृत्ती, अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते : आसापासून २७ मिमी.वर ठेवलेला एक ग्रॅम ९ मिमी.वरच्या ग्रॅमच्या नऊपट उपयोगी पडतो. प्रचलित धारव्याचे आतील छिद्र ६.३५ मिमी., बाहेरील व्यास १२.७ मिमी. व रुंदी ४.७६ मिमी. असते, ही मापे इंचांवरून आलेली आहेत. धारव्याच्या दोन्ही बाजूंना तबकडीच्या आतील अंगावर सिलिकोनचे पातळ वलय बसवतात. हा यो-यो नुसत्या झटक्याने हाती परत येत नाही. दोरीचा वेढा मुद्दाम फटीत अडकवून, ज्याला ‘बाइंड’ म्हणतात, तो परत आणावा लागतो. दुकानातून पहिल्यांदाच असा यो-यो घेणाऱ्याला तो बिघडलेला वाटतो, आणि विक्रेत्यांना हा खुलासा वरचेवर करावा लागतो.

कारागिरीचा खरा कस आसाच्या आसपासच्या काही मिलिमीटरांत लागतो. दोन भागांना जोडणारा आस म्हणजे बहुधा चार मिमी. जाडीचा, डोके नसलेला आट्यांचा स्क्रू असतो. आट्यांत थोडी मोकळीक राहतेच. म्हणून हा स्क्रू दोन्ही भाग आवळून धरतो, पण त्यांना एका रेषेत आणत नाही. ते काम धारवा करतो. प्रत्येक भागावर धारवा बसण्यासाठी एक छोटा उंचवटा कातलेला असतो, त्याला बैठक म्हणतात. दोन्ही बैठका धारव्याच्या छिद्रात समोरासमोरून शिरतात आणि त्याचे आतील कडे दोहोंच्या मध्ये चिमटले जाते. बैठकांची टोके एकमेकांना टेकू नयेत म्हणून प्रत्येकीची उंची धारव्याच्या निम्म्या रुंदीहून, म्हणजे २.३८ मिमी.हून, कमी ठेवावी लागते. बैठक शतांश मिलिमीटरांनी सैल झाली तर भाग तिरके बसून यो-यो थरथरतो. घट्ट झाली तर साफसफाईसाठी धारवा काढताना पक्कड लावावी लागते आणि ओढाओढीत बैठकच खराब होते. थरथर तपासण्याची रीत साधी आहे. यो-यो जोरात सोडतात व फिरत्या कडेला अंगठ्याचे नख हलकेच टेकवतात : चांगल्या कामावर नख गुळगुळीत सरकते, सदोष कामावर त्याला झिणझिण्या येतात. अशा वेळी भाग सोडवून एक भाग थोडा फिरवून पुन्हा जोडतात किंवा आस बदलून पाहतात.

कातकाम संगणकनियंत्रित लेथवर चालते. ॲल्युमिनियमाच्या दांड्याचे टोक पकडीत धरून आधी आतील अंग घेतात : बैठक, आटे, सिलिकोनची खाच आणि दोरीला सामोरा उतार. नंतर तो तुकडा त्याच आतील अंगाच्या आधारे उलटा धरून बाहेरील वाटी कोरतात. भोसरीच्या कारखान्यात याला पहिला आणि दुसरा सेटअप म्हणतील. खोट बहुधा या उलटण्यात शिरते, कारण दुसऱ्या पकडीचे केंद्र पहिल्याशी तंतोतंत जुळले नाही तर कड आणि बैठक यांची केंद्रे वेगळी पडतात. या पद्धतीत मालाची नासाडी मोठी होते. सत्तावन्न मिमी. व्यासाचा व २२ मिमी. जाडीचा तुकडा सुमारे १५० ग्रॅम भरतो आणि तयार अर्धा भाग जेमतेम ३२ ग्रॅमचा. म्हणजे जवळजवळ चार पंचमांश धातूचा कीस होतो.

धातूंमध्ये ॲल्युमिनियमाची ६०६१ क्रमांकाची मिश्रधातू सर्वाधिक वापरात आहे. ७०७५ ही अधिक बळकट असल्याने भिंती पातळ ठेवता येतात. ॲल्युमिनियमाच्या कायेवर पोलादी कडा बसवलेल्या ‘द्विधातू’ प्रकारात वजन आणखी बाहेर जाते, कारण पोलादाची घनता जवळजवळ तिप्पट असते. मात्र कडे बसवण्याचा एक जास्तीचा सांधा येतो आणि समकेंद्रतेची अडचण दुप्पट होते. टायटॅनियम उष्णता लवकर वाहून नेत नाही, त्यामुळे हत्याराची धार झपाट्याने जाते व किंमत अनेक पटींनी वाढते. काँक्रीटवर घासल्यास त्याच्या ठिणग्या उडतात, आणि काही ग्राहक त्याच हौसेपोटी तो घेतात हेही नमूद करावे लागेल. शेवटी ॲनोडायझिंग : गंधकाम्लाच्या कुंडात विजेच्या साहाय्याने पृष्ठावर ऑक्साइडाचा सच्छिद्र थर वाढवतात, छिद्रांत रंग शोषवतात व गरम पाण्यात ती बंद करतात. या थराचीही जाडी असते, म्हणून बैठकीचे माप ठरवताना ती आधीच हिशेबात धरावी लागते.

कंपन्या व विक्री : स्वतःचे लेथ असलेल्या कंपन्या मोजक्या आहेत. ऑरेगन राज्यातील यूजीन येथील वन ड्रॉप ही त्यांतील सर्वांत परिचित. आसाजवळचा भाग सुटा करून वेगवेगळ्या वजनांचे तुकडे बसवण्याची तिची ‘साइड इफेक्ट्स’ रचना उल्लेखनीय असून आटे खराब झाल्यास संपूर्ण यो-यो टाकावा लागत नाही. कॅनडातील कॅरिबू लॉज यो वर्क्स रंगसंगती व नावांसाठी ओळखली जाते. या दोघींनी मिळून ‘समिट’ हा यो-यो काढला. बहुतेक कंपन्या मात्र आरेखन स्वतः करून कातकाम बाहेरच्या, अलीकडे बव्हंशी चीनमधील, कारखान्यांकडे सोपवतात. त्यावरून त्यांना केवळ व्यापारी म्हणणे रास्त नाही, कारण वक्र (तबकडीच्या आकाराची वळणरेषा), वजन आणि तपासणी यांची जबाबदारी त्यांचीच राहते.

एका खेपेत सामान्यतः काही शेकडा नग निघतात. आधी थोडे नमुने कातून ते निवडक खेळाडूंना देतात व त्यांच्या अभिप्रायावरून वक्र किंवा वजन बदलतात. खेप रंगांत विभागून ठरलेल्या वेळी विक्रीस ठेवतात. रंगांच्या काही जोड्या काही मिनिटांत संपतात, उरलेल्या महिनोन्‌महिने पडून राहतात. नामांकित खेळाडूच्या नावाचा यो-यो काढून त्याला प्रत्येक नगामागे मोबदला देण्याची प्रथा आहे. जागतिक स्पर्धा, तसेच कॅलिफोर्नियातील चिको येथे १९९३ मध्ये सुरू झालेली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा यांच्या आवारातील टेबले ही विक्रीची दुसरी जागा. चिकोत यो-योचे संग्रहालयही आहे. रंगात डाग असलेले किंवा नखाला जाणवण्याइतके थरथरणारे नग ‘बी प्रत’ म्हणून दोष सांगून कमी किमतीत विकतात. पॉलिएस्टरच्या दोऱ्या, धारवे आणि सिलिकोनची वलये हा जोडधंदा असतो. दोरी झिजून काही तासांत बदलावी लागत असल्याने तिची मागणी यो-यो जुना झाला तरी थांबत नाही.