स्फटिकांची गुठळी : नकोशी ते हवीशी

सूक्ष्मदर्शकाखाली गुठळी पाहिली की दुखणं लगेच कळतं. सुईसारखे दहा-पंधरा स्फटिक एकमेकांत रुतलेले असतात आणि त्यांच्या बेचक्यात मूळ द्रावणाचा थेंब अडकलेला असतो. वरून कितीही धुवा, तो निघत नाही. द्रावणातली अशुद्धी त्याच्यासोबत मालात येते.

कण एकमेकांना चिकटतात किती वेगाने, याचं पहिलं नेटकं गणित पोलिश भौतिकशास्त्रज्ञ मारियन स्मोलुखोव्स्की यांनी 1916-17 मध्ये मांडलं. द्रवात तरंगणारे बारीक कण एकमेकांवर आदळतात, काही चिकटतात. फार बारीक कण स्वतःच्या थरथरीने भेटतात, मोठ्यांना ढवळण्याचा प्रवाह भेटवतो. या दुसऱ्या प्रकारात कणांचा व्यास दुप्पट झाला की टकरींची शक्यता आठपट होते.

पण त्या गणितातले कण वाढत नव्हते. स्फटिक वाढतात, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. दोन स्फटिक टेकले तरी तेवढ्याने गुठळी होत नाही. अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त पदार्थ विरघळलेल्या, द्रावणातला पदार्थ त्या सांध्यावर जमतो, पूल बांधतो, तेव्हा जोड पक्का होतो. पूल होण्याआधी प्रवाहाने ओढलं, तर जोडी सुटते. म्हणून जोरात ढवळल्याने एका मर्यादेपर्यंत गुठळ्या वाढतात आणि पुढे कमी होतात. आदळणं, वाढणं आणि फुटणं एकाच हिशेबात बसवण्याची चौकट हलबर्ट आणि कॅट्झ या संशोधकांनी 1964 मध्ये दिली. आकारागणिक कणांची जणू खानेसुमारीच ती.

कारखान्यांना मात्र गुठळीचा उपयोग त्याआधीच कळला होता. कार्ल योसेफ बायर यांनी 1887-88 च्या सुमारास शोधलेल्या अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) बनवण्याच्या प्रक्रियेत द्रावणात बीज म्हणून बारीक हायड्रेट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक, सोडतात. सुरुवातीच्या, जास्त गरम आणि जास्त अतिसंपृक्त टाक्यांत हे बारीक कण मुद्दाम एकत्र येऊ देतात. पुढच्या थंड टाक्यांत त्यांच्यावर थर चढतात. पिठासारखा अ‍ॅल्युमिना उडतो, वाळूसारखा नीट वाहतो.

औषधांत हे धाडस 1982 मध्ये झालं. जपानमध्ये कावाशिमा आणि सहकाऱ्यांनी सॅलिसिलिक आम्लाचं इथेनॉलमधलं द्रावण पाण्यात सोडलं, सोबत थोडा क्लोरोफॉर्म. पाण्यात फारसा न मिसळणाऱ्या क्लोरोफॉर्मने स्फटिकांना ओलं करून एकत्र ओढलं. ज्या सुया गाळताना आणि गोळी दाबताना त्रास देतात, त्यांचे गोल, घरंगळणारे मणी त्याच भांड्यात तयार झाले.