५०० चे १००० कसे झाले

कोकणातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये सेंटओएस ६ या लिनक्स प्रणालीवर चालणारा जुना सर्व्हर काढून त्याजागी नवा बसवतात. जुनी डिस्क जोडतात, फाइली सगळ्या दिसतात, पण मुलांना आपल्याच फोल्डरमध्ये काही लिहिता येत नाही. असं का होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

युनिक्स ही जुनी संगणक प्रणाली आणि तिच्याच वळणाची लिनक्स, यांत फाइलच्या नोंदीत मालकाचं नाव नसतंच, नुसता क्रमांक असतो. सातबाऱ्यावर नाव न घालता फक्त खाते क्रमांक लिहावा, तसं. नावं वेगळ्या यादीत. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत या क्रमांकाला एकच बाइट होता. पुढे दोन झाले, आणि २००१ च्या लिनक्स २.४ पासून चार. जागा मुबलक झाली, तरी क्रमांकांचा कोणता पट्टा कोणाचा, हे प्रत्येकानं आपापलं ठरवलं. लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रणालींपैकी रेड हॅटनं (सेंटओएस तिच्यावरच बेतलेली) माणसांची खाती ५०० पासून सुरू केली, डेबियननं १००० पासून. त्याखालचे क्रमांक सेवांना.

मशीनवरच्या सेवा, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्राम, वाढल्या आणि प्रत्येक सेवेला स्वतंत्र खातं देण्याची पद्धत रुळली. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे, पण त्यामुळे ५०० खालची जागा अपुरी पडू लागली. नोव्हेंबर २०११ मध्ये रेड हॅटच्याच घरातल्या फेडोरा १६ नं ही सीमा १००० वर नेली, २०१४ मध्ये रेड हॅट ७ आणि सेंटओएस ७ नंही.

म्हणून नव्या मशीनवर मुलांची खाती १००० पासून उघडतात, फाइलींवर मात्र जुनेच क्रमांक राहतात. खरी अडचण पुढे आहे: नवी प्रणाली सेवांना ९९९ पासून खाली उतरत क्रमांक देते. जुन्या लॅबमध्ये बॅचमागून बॅच खाती उघडत ९९० च्या पुढे गेली असतील, तर त्या मुलांच्या फाइली नव्या मशीनवर कुठल्यातरी सेवेच्या मालकीच्या दिसतात.

चिपळूणच्या २०२१ च्या पुरासारख्या प्रसंगानंतर हाती फक्त बॅकअप उरतो, तेव्हा तो कसा घेतला होता याला फार महत्त्व येतं. टार, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं बांधणारा प्रोग्राम, नाव आणि क्रमांक दोन्ही साठवतं आणि रूटनं (सर्वाधिकार असलेल्या खात्यानं) उघडल्यावर आधी नाव जुळवतं. म्हणून खाती आधी उघडावीत, टार नंतर सोडावं. थेट डिस्क जोडली तर ही सोय नाही.

माझ्या मते जुने क्रमांक जपत बसू नये. प्रत्येकात ५००० मिळवावेत, म्हणजे ६१२ चा ५६१२ होतो आणि जुना-नवा ताळा चटकन लागतो. खात्याचा क्रमांक बदलणारी यूजरमॉड ही आज्ञा घरच्या फोल्डरमधल्या फाइलींची मालकी बदलते, त्याबाहेरच्या फाइलींची मात्र फाइंड (शोधणारी) आणि चाउन (मालक बदलणारी) या आज्ञांनी स्वतः बदलावी लागते. नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या एनएफएस पद्धतीत सहसा क्रमांकच प्रवास करतात, त्यामुळे लॅबमधली सगळी मशीन एकाच सुट्टीत बदलावीत.