काहीच न बदलता बिघडलेला प्रोग्राम

‘काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होतं. मी एका अक्षरालाही हात लावलेला नाही.’

सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की बोलणारा थापा मारतोय, असंच ऐकणारा धरून चालतो. मध्यंतरी एका सहकाऱ्याने मला ते ऐकवलं तेव्हा मीही तसंच धरलं. तो खरं बोलत होता.

लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते, प्रोग्रामला मात्र काही होत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. लिहून ठेवलेला कोड आपणहून झिजत नाही हे खरंच. गोम अशी की ज्याला आपण ‘माझा प्रोग्राम’ म्हणतो, त्यातला आपण स्वतः लिहिलेला भाग बहुतेकदा थोडकाच असतो. तारखांची वजाबाकी, चित्रं लहान करणं, सर्व्हरशी बोलणं, पासवर्ड सुरक्षित ठेवणं ही कामं कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. अशा तयार कोडच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. आपण एका फाइलमध्ये फक्त यादी देतो: अमुक लायब्ररी, तमुक आवृत्ती किंवा तिच्यापुढची. मेव्हन, ग्रेडल, एनपीएम, कार्गो यांच्यासारखं बिल्ड टूल ती यादी वाचतं, इंटरनेटवरच्या भांडारातून लायब्ऱ्या उतरवून घेतं आणि आपल्या कोडला जोडून देतं. या जोडणीलाच बिल्ड म्हणतात.

पण त्या लायब्ऱ्याही कुणीतरी असंच, दुसऱ्यांच्या जिवावर लिहिलेल्या असतात. प्रत्येकीची स्वतःची यादी, त्या यादीतल्या प्रत्येकीची आणखी एक. आपण दहा नावं लिहितो आणि दारात शेकड्यांची वरात येऊन उभी राहते. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची जेमतेम ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने नावाच्या एका वादातून एनपीएमच्या भांडारातून काढून घेतली. तिचं काम काय, तर अक्षरांच्या माळेच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा जोडणं. जगभरात हजारो बिल्ड कोसळले. ते चालवणाऱ्या अनेकांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी एनपीएमने ती परत ठेवली, आणि प्रसिद्ध केलेली गोष्ट अशी सहज मागे घेता येणार नाही, असा नियमही केला.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

समजा, तुमच्या प्रोग्रामला ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन लायब्ऱ्या हव्यात. दोघींनाही ‘क’ लागते, पण ‘अ’ला तिची पहिली आवृत्ती हवी आणि ‘ब’ला दुसरी. कागदावर काढलं तर पत्त्यांतल्या चौकटचा आकार होतो. ‘क’ एकच ठेवता येणार असेल तर कोणती ठेवायची? मेव्हन म्हणतं, यादीच्या झाडात जी मुळापासून, म्हणजे तुमच्या प्रोग्रामपासून, कमी पावलांवर असेल ती. अंतर सारखं असेल तर जिचं नाव आधी लिहिलंय ती. (जवळ आहे म्हणून योग्य, हा न्याय मला चिठ्ठ्या टाकण्याच्याच जातीचा वाटतो.) ग्रेडल साधारणपणे सगळ्यांत नवी निवडतं. दोघंही निर्णय झटकन देतात, पण तो सगळ्यांना मानवेलच अशी हमी देत नाहीत.

मग हमी देणारं टूल का लिहू नये? सगळ्यांच्या सगळ्या अटी पाळणारी एक निवड शोधायची, एवढंच तर आहे! ३० लायब्ऱ्या, प्रत्येकीच्या १० आवृत्त्या, म्हणजे १०चा ३०वा घात इतक्या जुळण्या. सेकंदाला अब्ज तपासल्या तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दोन हजारपटींहून जास्त वेळ लागेल. ‘पण हुशारीने शोधलं तर?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर फार देखणं आहे.

तर्कशास्त्रात एक जुनं कोडं आहे. काही विधानं दिलेली असतात. प्रत्येक खरं किंवा खोटं ठरवायचं. सोबत अटी असतात: ‘प खरं, किंवा फ खोटं, किंवा भ खरं, यांतलं निदान एक तरी झालंच पाहिजे.’ अशा शेकडो अटी एकदम पाळता येतील का? स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवलं की उत्तर समोर आल्यावर झटपट तपासता येतं, अशी सगळीच कोडी या एका कोड्याच्या रूपात मांडता येतात. ते नेहमीच झटपट सोडवण्याची रीत आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि अशी रीत असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. या प्रश्नावर २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलेलं आहे.

गंमत ही की हे कोडं लायब्ऱ्यांच्या याद्यांत जसंच्या तसं लिहिता येतं. प्रत्येक विधानाची एक लायब्ररी करा: आवृत्ती १ म्हणजे खरं, आवृत्ती २ म्हणजे खोटं. दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत, म्हणजे विधान एकाच वेळी खरं आणि खोटं होणार नाही. मग प्रत्येक अटीचीही एक लायब्ररी करा, तीन आवृत्त्यांची. वरच्या अटीसाठी तिच्या पहिल्या आवृत्तीला ‘प’ची १ लागेल, दुसरीला ‘फ’ची २, तिसरीला ‘भ’ची १. शेवटी मुख्य प्रोग्रामला या सगळ्या अट-लायब्ऱ्या हव्यात, कोणतीही आवृत्ती चालेल. झालं! बिल्ड टूलला चालणारी निवड सापडली, तर कोडं सुटलं. म्हणजे आवृत्त्यांची निवड नेहमीच झटपट करून देणारं टूल कुणी लिहिलं, तर ते बक्षीस त्याचंच.

या रचनेला तीन गोष्टी लागल्या: लायब्ररी दुसरीवर अवलंबून असणं, नेमकी आवृत्ती मागता येणं आणि एकीच्या दोन आवृत्त्या एकत्र न नांदणं. यातली एक काढून घेतली की कोडं मऊ पडतं. एनपीएमने तिसरी काढली: दोन्ही आवृत्त्या आणा, ज्याची त्याला द्या. जागा जास्त जाते, आणि एका आवृत्तीने बनवलेली वस्तू दुसरी ओळखत नाही, असे घोळ होतात. गो भाषेने दुसरी काढली: ‘निदान १.४ तरी हवी’ एवढंच म्हणता येतं, ‘१.६ नको’ असं लायब्ररीला म्हणताच येत नाही. मग सगळ्यांच्या किमान मागण्यांपैकी मोठ्यात मोठी घेतली की संपलं. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो. बाकीची बरीच टूल्स शोधत बसतात, अडलं की मागे फिरतात, आणि रोजच्या याद्या मुद्दाम छळायला लिहिलेल्या नसल्यामुळे बहुधा लवकर सुटतात. पायथन भाषेच्या पिप या टूलला हे मागे फिरणं २०२० मध्ये आलं. तोवर ते पहिली सापडेल ती आवृत्ती घेऊन पुढे जायचं.

निवड झाली की ती लॉक फाइलमध्ये नोंदवतात: प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती आणि बहुतेक टूल्समध्ये तिच्या मजकुराचा हॅशही, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला छोटासा ठसा. पुढच्या वेळी टूल नव्याने न निवडता याच आवृत्त्या आणतं. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी हॅश पार बदलतो, त्यामुळे त्याच नावाखाली दुसरा माल खपवता येत नाही. हे माहीत असूनही, बिल्ड अडलं की भलेभले अभियंते उतरवलेल्या लायब्ऱ्यांचं फोल्डर उडवून तीच आज्ञा पुन्हा चालवतात, आणि नाही चाललं तर पुन्हा एकदा. अंगारे-धुपारे याहून वेगळे नसतात. ‘आता एआयला विचारलं की झालं’ म्हणणाऱ्यांनीही जपून राहावं. ही मॉडेल्स कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्रऱ्यांची नावं बिनदिक्कत सुचवतात, आणि तेच नाव नोंदवून त्यामागे घातक कोड ठेवणं कुणालाही शक्य असतं.

सहकाऱ्याचं काय झालं ते राहिलंच. त्याच्या यादीतल्या एका लायब्ररीच्या यादीतल्या लायब्ररीची नवी आवृत्ती रात्रीतून आली होती. फक्त शेवटचा आकडा बदललेला. संकेतानुसार त्याचा अर्थ ‘छोटी दुरुस्ती, कुणाचं काही मोडणार नाही’ असा होतो. पण तो संकेत माणसं पाळतात, गुरुत्वाकर्षणासारखा तो आपोआप पाळला जात नाही. नावांच्या शेवटच्या रिकाम्या जागा नव्या आवृत्तीने कापून टाकल्या होत्या आणि याच्या कोडची भिस्त नेमकी त्याच जागांवर होती.

‘लॉक फाइल कुठाय?’ मी विचारलं. प्रकल्पात ती नव्हतीच. इतिहास उघडून पाहिला, तर कुणीतरी ‘ही फाइल आपोआप तयार होते, ठेवायची गरज नाही’ अशी टीप लिहून ती वगळली होती. टीपेखाली नाव त्याचंच होतं, तीन महिन्यांपूर्वीचं.