पिसू भुंगेरे, आफ्रिकी : नव्या जातींचे वर्णन
पर्णभुंगेऱ्यांच्या कुलातील, मागच्या पायांच्या जाड मांड्यांच्या बळावर उडी मारणाऱ्या भुंगेऱ्यांच्या आफ्रिकेतील अज्ञात जाती ओळखून त्यांना शास्त्रीय नाव देण्याचे कार्य. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका व मादागास्कर येथून या गटाचे सुमारे शंभर वंश नोंदले गेले आहेत. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत ‘उडद्या’ म्हणून परिचित असलेला भुंगेरा याच कुलातला असला, तरी तो वेगळ्या उपकुलात मोडतो; त्याचा येथे विचार केलेला नाही.

या गटाच्या दर्जाविषयी मतभेद आहेत. पूर्वी तो स्वतंत्र उपकुल मानला जाई. आज बहुतेक अभ्यासक त्याला गॅलेरुसिनी उपकुलातील अल्टिसिनी ही जमात मानतात. उडीला कारणीभूत असलेल्या, मांडीतील कठीण, वळणदार स्प्रिंगेचे वर्णन समरेंद्र मौलिक यांनी १९२९ मध्ये केले, म्हणून तिला मौलिक अवयव असेही म्हणतात. ही स्प्रिंग एकाच पूर्वजाकडून आली असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. परंतु डीएनएवर आधारलेल्या काही अभ्यासांनुसार ती एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असावी. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे केवळ स्प्रिंग आहे एवढ्यावरून एखाद्या नव्या वंशाचे नाते ठरविणे धोक्याचे आहे.

मार्टिन जेकोबी, युलियस वाइझे आदींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक आफ्रिकी जातींची वर्णने मुख्यतः रंग, आकार व पृष्ठभागावरील खळग्यांवरून केली. लाँगिटार्सस किंवा कीटॉक्नेमा अशा मोठ्या वंशांत एवढे पुरत नाही. कीटॉक्नेमा हा वंश मधल्या व मागच्या नडग्यांवरील दातासारख्या उंचवट्यावरून सहज कळतो, पण त्यातील जाती बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात. म्हणून नराचे जननांग व मादीची शुक्रकोशिका (शुक्राणू साठविणारी पिशवी) काढून, त्यांची चित्रे वर्णनाबरोबर देण्याची पद्धत रूढ झाली. गेरहार्ड शेरर यांची वंश ओळखण्याची सारणी १९६१ मध्ये, तर मॉरित्झिओ बिओंदी व पाओला दालेस्सांद्रो यांची अद्ययावत सारणी आणि सूची २०१२ मध्ये आली.

नाव वैध ठरण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार वर्णन प्रसिद्ध व्हावे लागते. १९९९ नंतरच्या नावांसाठी एक किंवा अधिक आदर्श नमुने (ज्यांच्याशी जातीचे नाव कायमचे जोडलेले असते ते नमुने) स्पष्टपणे नेमणेही बंधनकारक आहे. आफ्रिकी जातींचे जुने आदर्श नमुने मुख्यत्वे लंडन, तेर्व्युरेन, बर्लिन अशा युरोपीय संग्रहालयांत आहेत, आणि ते तपासल्याशिवाय जाती नवी असल्याचे ठामपणे म्हणता येत नाही.

बहुतेक वर्णने प्रौढ भुंगेऱ्यांवरच बेतलेली आहेत. अळ्या फार थोड्या जातींच्या ज्ञात आहेत. कालाहारीतील सान लोक बाणांच्या विषासाठी याच गटातील डायम्फिडिया या वंशाच्या ज्या अळ्या कॉमिफोरा झुडपांखालून खणून काढतात, त्यांचीही ओळख जुन्या वृत्तांतांत वेगवेगळ्या जातिनामांनी झालेली आढळते. डायम्फिडिया नायग्रोऑर्नाटा हे नाव सर्वाधिक वापरले जाते. भाताच्या पिवळ्या चट्ट्यांच्या विषाणुरोगाचा प्रसार करणाऱ्या कीटकांत कीटॉक्नेमा पुल्ला या जातीचा समावेश होतो. या वंशातील जाती एकमेकींपासून अचूक वेगळ्या करता आल्या, तरच रोगवाहक कोणता व निरुपद्रवी कोणता हे शेतात ठरविता येते.