यूजी टीए (पदवी-विद्यार्थी अध्यापन साहाय्यक)

पदवीचा विद्यार्थी स्वतः शिकत असतानाच, आधी उत्तीर्ण केलेल्या एखाद्या अभ्यासक्रमाच्या नव्या तुकडीला शिकण्यास मदत करतो, तेव्हा त्याला अध्यापन साहाय्यक किंवा विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यात ‘यूजी टीए’ म्हणतात. ट्युटोरियलच्या तासाला गणिते सोडवून घेणे, लॅबमध्ये अडलेल्यांना हात देणे, क्विझचे पेपर तपासणे ही त्याची मुख्य कामे. व्याख्यान देणे, प्रश्नपत्रिका काढणे आणि शेवटची श्रेणी ठरवणे प्राध्यापकाकडेच राहते. मुंबईत ही प्रथा नीट रुजलेली दिसते ती प्रामुख्याने पवईच्या आयआयटीत. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ती जवळपास नाही, आणि त्याची कारणे विद्यार्थ्यांच्या कुवतीत शोधण्यात अर्थ नाही.

पूर्वपीठिका

पुढच्या विद्यार्थ्याने मागच्याला शिकवण्याची रीत भारताला नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल याने मद्रासच्या अनाथालयातील शाळेत मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत राबवली आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडात गाजली. एकोणिसाव्या शतकात विद्वानांना दक्षिणा देण्यासाठी असलेल्या पेशवेकालीन दक्षिणा निधीतून ब्रिटिश सरकारने ‘दक्षिणा फेलो’ नेमायला सुरुवात केली. महाविद्यालयात स्वतःचे पुढचे शिक्षण चालू ठेवून खालच्या वर्गांना शिकवायचे, अशी ही नेमणूक असे. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आगरकरही. आजच्या टीएशी त्यांचे नाते थेट जोडणे धाडसाचे ठरेल. पण शिकणारा आणि शिकवणारा एकाच माणसात मावतो, हे मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांनी फार लवकर मान्य केले होते.

आजचा साचा मात्र अमेरिकी विद्यापीठांतून आला. ब्राउन विद्यापीठात अँड्रीज व्हॅन डॅम यांनी १९६०च्या दशकापासून संगणकशास्त्राच्या वर्गांत पदवीचे विद्यार्थी साहाय्यक म्हणून घेतले. त्याच दशकात मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी आखलेल्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी आपल्या गतीने पुढे जाई, आणि घटक पक्का झाला की नाही हे तो अभ्यासक्रम नुकताच पार केलेला ‘प्रॉक्टर’ तपासत असे. १९७३ साली मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डिआना मार्टिन यांनी, ज्या विषयांत बरेच विद्यार्थी गळतात अशा विषयांसाठी, आदल्या तुकडीतील विद्यार्थ्यांनी चालवायची पूरक सत्रे सुरू केली.

पवईतील रीत

आयआयटी मुंबईत बी. टेक.च्या पहिल्या वर्षाला दरसाल तेराशेहून अधिक विद्यार्थी येतात आणि कलनशास्त्र, भौतिकी, संगणक प्रोग्रॅमिंग यांसारखे विषय त्यांपैकी बहुतेकांना घ्यावेच लागतात. मोठ्या सभागृहातले व्याख्यान एकटा प्राध्यापक निभावतो, पण ट्युटोरियलसाठी तुकडी लहानच हवी. एम. टेक. आणि पीएच. डी.चे विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या बदल्यात आठवड्याला ठरावीक तास हे काम करतात. तरीही पदवीचे विद्यार्थी लागतातच. संख्या हे त्याचे एक कारण झाले. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे: एम. टेक.चा विद्यार्थी बहुधा दुसऱ्या महाविद्यालयातून आलेला असतो आणि तो अभ्यासक्रम त्याने कधी केलेलाच नसतो. यूजी टीएने तीच टुट-शीट, म्हणजे ट्युटोरियलला सोडवायच्या गणितांची यादी, त्याच चुका करत, अलीकडेच सोडवलेली असते.

हा अलीकडेपणा हेच त्याचे भांडवल. कलनशास्त्राच्या सुरुवातीलाच सीमेची (लिमिटची) एप्सिलॉन-डेल्टा ही काटेकोर व्याख्या येते. जेईईपर्यंत सीमा म्हणजे सूत्र लावून काढायची किंमत. इथे एकदम ‘कोणत्याही एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा सापडतो’ हे सिद्ध करायचे असते. प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक मिळवलेली मुलेही इथे गडबडतात. प्राध्यापकाला ही व्याख्या इतकी अंगवळणी पडलेली असते की अडचण नक्की कुठे आहे ते चटकन दिसत नाही. टीएला दिसते. एप्सिलॉन आधी कोणीतरी देतो आणि डेल्टा आपण नंतर शोधतो, हा क्रमच मुले उलटा धरतात, हे त्याला पाठ्यपुस्तकातून कळलेले नसते, स्वतःच्या पेपरातून कळलेले असते.

भाषेचाही भाग आहे. ट्युटोरियल इंग्रजीत चालते. लातूर, जळगाव किंवा सोलापूरकडून आलेला, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी भर वर्गात शंका विचारायला बिचकतो. तास संपल्यावर फळा पुसता पुसता मराठी टीएला ‘दादा, ते परत एकदा सांगाल का’ म्हणणे त्याला सोपे जाते. अशी पाच मिनिटे कुठल्याही नोंदवहीत येत नाहीत, पण या प्रथेचे मोल त्यांच्यातच जास्त आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निवड

सत्र सुरू होण्याच्या आगेमागे विभाग किंवा प्राध्यापक अर्ज मागवतात. त्या विषयात वरची श्रेणी, साधारणपणे एए किंवा एबी (वरून पहिली किंवा दुसरी), आणि बरा सीपीआय, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या विषयांची सरासरी, अपेक्षित असतो. पुढच्या सत्रात स्वतःचे किती विषय आहेत हे विचारले जाते आणि शिस्तभंगाची कारवाई झालेली नसावी लागते. काही प्राध्यापक मुलाखत घेतात, काही छोटेसे लिखाण मागतात, काहींना आधीच्या वर्षीच्या टीएचा शब्द पुरतो. श्रेणी पाहणे सोयीचे असते, पण एए मिळवणारा चांगला समजावून सांगेलच असे नाही. धडपडून एबीवर पोहोचलेला पुष्कळदा अधिक उपयोगी ठरतो, कारण खड्डे कुठे आहेत ते त्याला माहीत असते. फळ्यापाशी उभे करून एक गणित समजावून घेणारी मुलाखत म्हणूनच सगळ्यांत विश्वासाची.

तपासणी आणि क्रिब

शिकवण्यापेक्षा तपासणीत टीएची खरी कसोटी लागते. मोठ्या अभ्यासक्रमात एक टीए पूर्ण पेपर तपासत नाही. त्याच्याकडे एखादा प्रश्न किंवा उपप्रश्न येतो आणि तो सगळ्या गठ्ठ्यातला तेवढाच तपासतो, म्हणजे एका प्रश्नाला सगळीकडे एकच हात लागतो. त्याआधी प्राध्यापकाबरोबर बसून मार्किंग स्कीम ठरते: पायरी बरोबर पण आकडेमोड चुकली तर किती, पद्धत वेगळी पण तर्क बिनचूक असेल तर काय. पहिले वीस-पंचवीस पेपर झाले की स्कीममध्ये न बसणारी उत्तरे निघू लागतात, आणि मग तपासलेल्या पेपरांकडे पुन्हा मागे जावे लागते. मध्यरात्री हॉस्टेलच्या खोलीत हे मागे जाणे टाळायचा मोह होतो. न टाळणारा टीए चांगला.

यानंतर क्रिब. तपासलेले पेपर दाखवले जातात आणि गुण कमी पडले असे वाटणारा विद्यार्थी दाद मागतो, याला पवईत क्रिब म्हणतात. क्रिबच्या दिवशी अर्ध्या गुणासाठी रांग लागते. काही तक्रारी खऱ्या असतात: पुरवणी पाहायची राहिली, बेरीज चुकली. काही निव्वळ घासाघीस. एकाला दिलेला अर्धा गुण त्याच चुकीच्या प्रत्येकाला द्यावा लागतो, हे सांगूनही समोरचा हलत नाही. तेव्हा वयाने एक-दोन वर्षांनीच मोठ्या असलेल्या टीएने आवाज न चढवता ‘नाही’ म्हणायचे असते, किंवा प्रकरण सरळ प्राध्यापकाकडे पाठवायचे असते.

ओळखीपाळखीचा प्रश्न इथेच येतो. तपासणारा आणि ज्याचा पेपर आहे तो एकाच हॉस्टेलात राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच संघातून खेळतात. जवळच्या मित्राचा पेपर आला तर तो दुसऱ्या टीएकडे द्यावा, हा संकेत. गुण आणि श्रेणी ही गोपनीय बाब असते, कॅन्टीनमध्ये बोलायची नसते.

प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये चित्र थोडे वेगळे. पूर्वी टीएचा बहुतेक वेळ सुटलेला अर्धविराम आणि न थांबणारे लूप शोधण्यात जाई. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून चालणारा प्रोग्रॅम समोर येतो, पण तो का चालतो हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. त्यामुळे ‘ही ओळ काढली तर काय होईल’ असे तोंडी विचारणे वाढले. आपण उत्तर सांगून टाकायचे नाही, पुढचा प्रश्न विचारायचा, हे टीएला पहिल्याच बैठकीत बजावले जाते. ते पाळणे सर्वांत अवघड, कारण सांगून टाकले की मूल खूश होते आणि रांगही पुढे सरकते.

पवईबाहेर

संलग्न महाविद्यालयांत ही प्रथा का नाही, याचे उत्तर बरेचसे व्यवस्थेत आहे. तिथे अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, आणि विद्यापीठ घेते त्या परीक्षांत ठरावीक अंतर्गत गुण सोडले तर मूल्यमापनावर वर्गशिक्षकाचा हात फारसा नसतो. विद्यापीठाने २०१७ साली ऑनस्क्रीन तपासणी आणली आणि त्या वर्षीचे निकाल लांबल्याने मोठा गदारोळ झाला. अशा केंद्रीय पद्धतीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने गुण देणे कुणाच्या मनातही येणार नाही. शिकवण्याची तूट भरून निघते ती तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी, ज्यांपैकी कित्येक जण नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही वर्षानुवर्षे तासावर राबत आहेत. त्यांच्या जागी विद्यार्थी बसवून खर्च वाचवायचा विचार कुणी केलाच, तर त्याला विरोध होणे योग्यच आहे. यूजी टीए शिक्षकाच्या जोडीला असतो, शिक्षकाऐवजी नाही.

दुसरे कारण लोकल. पवईत रात्री नऊ वाजता हेल्प सेशन ठेवता येते, कारण मुले कॅम्पसवरच राहतात. सकाळची गाडी पकडून डोंबिवली-वसईहून येणारा विद्यार्थी शेवटचे लेक्चर संपताच स्टेशन गाठतो. संध्याकाळचे सत्र त्याला परवडत नाही, आणि टीएलाही नाही.

तरीही या शहरात शिकता शिकता शिकवणारी मुले ढिगाने आहेत. ती कॉलेजात नाहीत, क्लासेसमध्ये आहेत. दादर, ठाणे, बोरिवलीच्या क्लासेसमध्ये ‘डाऊट सॉल्व्हर’ म्हणून अभियांत्रिकीची मुले बसतात, अकरावी-बारावीच्या शंका सोडवतात आणि तासावर पैसे घेतात. काम टीएचेच, पण मार्किंग स्कीम नाही, प्राध्यापकाची देखरेख नाही, आणि फी भरू न शकणाऱ्याला दारही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवीत ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. कनिष्ठ तुकडीच्या ट्युटोरियलला तसे श्रेयांक द्यायला स्वायत्त महाविद्यालयांना हरकत नसावी.

मोबदला

मानधन मिळाले तरी ते पॉकेटमनीच्या घरातले. बरेच जण दुसऱ्या हिशोबानेही येतात. परदेशी एम. एस. किंवा पीएच. डी.चे बरेचसे अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात, आणि तिथले अर्थसाहाय्य पुष्कळदा टीएशिपच्याच रूपात असते. शिवाय शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाने ज्याला सत्रभर काम करताना पाहिले आहे, त्याच्याविषयी तो दोन ओळी जास्त लिहू शकतो. काही मुले मात्र शेवटच्या वर्षी, अर्ज कधीच रवाना झाल्यावर, पुन्हा त्याच विषयाची टीएशिप मागतात.