थिन फिल्मचं मोजमाप

थिन फिल्म म्हणजे काच, सिलिकॉन किंवा धातूवर चढवलेला, काही नॅनोमीटरपासून साधारण एखाद्या मायक्रॉनपर्यंतचा थर. त्याची जाडी किती, त्यात कुठली मूलद्रव्यं किती, वीज कशी वाहते, अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) किती हे शोधायच्या पद्धती या नोंदीत घेतल्यात. थर बनवायच्या पद्धती गरजेपुरत्याच.

सुरुवात जाडीपासून, कारण ती चुकली की पुढचे बरेच आकडे चुकतात. व्हॅक्यूम चेंबरमध्ये थर चढत असतानाच क्वार्ट्झ क्रिस्टल मॉनिटर जाडी दाखवतो. क्रिस्टलवर वजन वाढलं की फ्रीक्वेन्सी त्या प्रमाणात उतरते हे साउअरब्राय यांनी १९५९ मध्ये मांडलं, ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला एका हर्ट्झमागे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १७.७ नॅनोग्रॅम. म्हणजे हा मॉनिटर खरं तर वस्तुमान मोजतो आणि आपण घातलेल्या घनतेनं भागून जाडी सांगतो, त्यामुळे थर सच्छिद्र असेल आणि घनता पुस्तकातली घातली तर जाडी कमीच येते. एलिप्सोमेट्री (पाउल द्रूद, साधारण १८८७ ते १८९०) प्रकाशाचं ध्रुवीकरण किती बदललं त्यावरून जाडी आणि अपवर्तनांक काढते.

विजेच्या मोजणीत फोर पॉइंट प्रोब सगळीकडे चालतो. चार सुया एका रेषेत, बाहेरच्या दोनांतून करंट, आतल्या दोनांवर व्होल्टेज, म्हणजे टेकण्याच्या जागेचा रेझिस्टन्स मोजणीत येत नाही. कोकणात सड्यावर बोअर मारायच्या आधी जमिनीत चार खुंट्या ठोकून पाणी शोधतात ती हीच पद्धत. तिचं श्रेय कुणाचं यावर एकमत नाही. चार टोकांची मूळ कल्पना काहीजण केल्व्हिनकडे, १८६१ च्या सुमारास नेतात. जमिनीसाठी फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जे १९१२ च्या आसपास प्रयोग करत होते, अमेरिकेत फ्रँक वेनर यांचं काम १९१५-१६ चं. सेमीकंडक्टरवर ती आणली वाल्डेस यांनी, १९५४ मध्ये. थिन फिल्मच्या प्रोबमध्ये सुयांमधलं अंतर सारखं असतं आणि ती मांडणी वेनर यांची, म्हणून इथे त्यांचं नाव पुढे ठेवणंच जास्त योग्य वाटतं. व्होल्टेज भागिले करंट गुणिले ४.५३२ म्हणजे शीट रेझिस्टन्स (थराच्या एका चौरस तुकड्याचा विरोध), पण हे फक्त सुयांच्या अंतराच्या मानानं खूप मोठ्या सॅम्पलला लागू, लहान तुकड्याला स्मिट्स यांचे १९५८ चे करेक्शन फॅक्टर लावायलाच हवेत. शीट रेझिस्टन्सला जाडीनं गुणलं की रेझिस्टिव्हिटी (पदार्थाचा स्वतःचा विरोध), म्हणजे जाडीतली चूक इथे जशीच्या तशी उतरते.

कुठली मूलद्रव्यं किती हे बघायला एक्सपीएस, म्हणजे एक्स-रे मारून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत (काई सीगबान, नोबेल १९८१). तो वरचे ५ ते १० नॅनोमीटरच बघतो, आणि किनाऱ्यावर गोंधळ होतो तो नेमका तिथेच. समजा टिन क्लोराइड फवारून गरम काचेवर टिन ऑक्साइडची फिल्म केली आणि स्पेक्ट्रममध्ये क्लोरीन दिसला, तर तो द्रावणातला उरलेला की खाऱ्या हवेतलं मीठ बसलेलं? सोडियमही सोबत दिसला तर मीठच असं म्हणायचा मोह होतो, पण साध्या सोडा-लाइम काचेतला सोडियम ४००-५०० अंशांना फिल्ममध्ये वर चढतो, म्हणजे तो पुरावा एकट्यानं पुरत नाही. खात्री करायची तर एक फिल्म क्वार्ट्झवर करावी (त्यात काचेसारखा सोडियम नसतो), फिल्म नसलेला एक कोरा तुकडा तिच्याच शेजारी तितकेच दिवस ठेवावा, आणि आर्गॉन आयनांच्या माऱ्यानं वरचा थर हलका खरवडून परत बघावं. मीठ लगेच जातं, आतला क्लोरीन टिकतो. दुसरी पद्धत रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंग, म्हणजे वेगवान आयन मारून ते किती ऊर्जेनं मागे उसळतात ते बघणं. तिला तुलनेसाठी स्टँडर्ड सॅम्पल लागत नाही, पण जड मूलद्रव्याच्या सब्सट्रेटवरचा (फिल्मखालच्या तुकड्यावरचा) ऑक्सिजन, कार्बन त्यात नीट दिसत नाही. ही पद्धत १९६७ मध्ये सर्व्हेअर ५ यानानं चंद्राच्या मातीवरही वापरली.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते, सच्छिद्र फिल्मच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी भरतं (अपवर्तनांक १ ऐवजी १.३३) आणि एलिप्सोमीटरला तीच फिल्म जास्त घट्ट वाटते. एक्सपीएसच्या व्हॅक्यूममध्ये हे पाणी निघून जातं, म्हणून दोन यंत्रांचे निकाल जुळले नाहीत तरी दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

कोकणातून मोजायला पाठवायचं तर मोठी यंत्रं मुंबईत, आयआयटीच्या सैफसारख्या (बाहेरच्यांनाही मोजणी करून देणाऱ्या) केंद्रांत, किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. सॅम्पल पाठवताना सिलिका जेलसोबत सीलबंद करावं आणि फिल्म कधी केली, उघड्यावर किती वेळ होती, तेव्हा आर्द्रता किती होती हे पाकिटावर लिहावं.