हाँगकाँगमधील वांशिक अल्पसंख्याक मुलांची शिक्षणभाषा

हाँगकाँग या प्रामुख्याने कँटोनीज (दक्षिण चीनमध्ये बोलली जाणारी चिनी) बोलणाऱ्या महानगरातील पाकिस्तानी, नेपाळी, भारतीय, फिलिपिनो इत्यादी कुटुंबांच्या मुलांना कोणत्या माध्यमातून शिकवावे आणि चिनी भाषा कोणत्या पद्धतीने शिकवावी, यासंबंधीचे धोरण व त्यावरील वाद. ब्रिटिश अंमल १९९७ मध्ये संपल्यानंतर हा प्रश्न तीव्र झाला. २०२१ च्या जनगणनेनुसार शहरात सुमारे ६ लाख २० हजार वांशिक अल्पसंख्याक राहत होते. लोकसंख्येत हे प्रमाण ८.४ टक्के भरते. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक, बहुतांशी स्त्रिया, घरकामाच्या करारावर आलेल्या असून त्यांना कुटुंब सोबत आणण्याची मुभा नाही. त्यामुळे शाळेचा प्रश्न मुख्यतः येऊन पडतो तो पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांवर. त्यांची संख्या एक लाखाच्या आसपास आहे.

ही कुटुंबे शहराला नवखी नाहीत. पंजाबातून पोलीस शिपाई भरण्याची प्रथा १८६० च्या दशकातली. मुंबईहून गेलेले पारशी व्यापारी होर्मसजी मोदी यांच्या देणगीतून हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली. बगदादचे ज्यू व्यापारी सर एलिस कदुरी यांच्या नावाची शाळा दीर्घकाळ भारतीय मुलांची शाळा म्हणूनच ओळखली जाई. पुढे गुरखा पलटणींबरोबर नेपाळी कुटुंबे आली व याउ मा तेइ, जॉर्डन या भागांत स्थिरावली. वसाहतीच्या काळात इंग्रजी आले की कामधंदा मिळे. चिनी वाचता-लिहिता न आल्याने फारसे अडत नसे. चिनीला अधिकृत भाषेचा दर्जाच मुळी १९७४ मध्ये मिळाला.

सत्तांतरानंतर हे गणित बदलले. लिहिण्यासाठी चिनी आणि इंग्रजी, बोलण्यासाठी कँटोनीज, मँडरिन (चीनची प्रमाण बोली) आणि इंग्रजी असे शासनाने ठरवले. सप्टेंबर १९९८ पासून बहुसंख्य सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळांना चिनी माध्यम लागू झाले. इंग्रजी माध्यमाची परवानगी शंभराहून थोड्या अधिक शाळांना राहिली. मातृभाषेतून शिक्षण हे या धोरणाचे अधिष्ठान होते आणि चिनी मुलांच्या दृष्टीने ते योग्यच होते. उर्दू किंवा नेपाळी बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र त्यातून दुसऱ्याची मातृभाषा आली. त्याच्यासाठी वेगळी तजवीज त्या वेळी झाली नाही, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथेच आहे.

अडचण नेमकी कुठे येते, हे समजून घेणे आवश्यक आहे. हाँगकाँगमध्ये जन्मलेली पाकिस्तानी किंवा नेपाळी मुले खेळताना, बाजारात, मित्रांशी अनेकदा सफाईने कँटोनीज बोलतात. पण शाळेत लिहायची चिनी ही कँटोनीज नव्हे. तिचे व्याकरण आणि शब्द मँडरिनच्या जवळचे आहेत. ‘नाही’ म्हणताना बोलण्यात ‘म्’ येतो. वहीत त्याजागी निराळेच अक्षर लिहावे लागते आणि ते वाचताना ‘पत’ असा उच्चार होतो. चिनी घरातले मूल ही दुहेरी व्यवस्था घरच्यांच्या वाचनातून, पाट्या-वर्तमानपत्रांतून नकळत उचलते. ज्या घरात आईवडिलांना शाळेची सूचनाही वाचता येत नाही, तिथल्या मुलाला ही सोय नसते. त्यात पारंपरिक वळणाची, अनेक रेघांची हजारो अक्षरे, आणि वरच्या इयत्तांत अभिजात चिनीतले उतारे. आवाजाच्या सहा चढउतारांची कँटोनीज कानाने शिकता येते. निबंध कानाने शिकता येत नाही. त्यामुळे अस्खलित बोलणारे मूल परीक्षेत मागे पडले की शिक्षकांना ते आळशी वाटते. हा त्या मुलावर अन्याय आहे.

२००४ पूर्वी ही मुले थोड्याच ठरावीक शाळांत जात. त्या वर्षापासून पालकांना इतर शाळाही निवडता येऊ लागल्या. २००६ पासून शासनाने काही शाळांना ‘नियुक्त शाळा’ ठरवून जादा अनुदान दिले. हेतू साहाय्याचा होता, पण अनेक ठिकाणी पट जवळजवळ पूर्णपणे अल्पसंख्याक मुलांचा झाला आणि चिनी सवंगडीच नसल्याने भाषा कानावर पडायची वाटही बंद झाली. ‘हाँगकाँग युनिसन’ या २००१ मध्ये फर्मी वोंग यांनी स्थापन केलेल्या संस्थेने याला सातत्याने वंशभेदी विभाजन म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही चिंता नोंदवली. २०१३-१४ मध्ये ‘नियुक्त’ हे नामाभिधान रद्द झाले. नाव गेले तरी मुलांची एकवट मात्र त्यानंतरही बऱ्याच शाळांत कायम राहिली.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. २००८ मध्ये संमत होऊन पुढच्या वर्षी पूर्णपणे अमलात आलेला वंशभेदविरोधी कायदा शिक्षणसंस्थांना लागू होतो. मात्र एखाद्या वंशसमूहासाठी शिक्षणाचे माध्यम बदलण्याचे बंधन तो शाळांवर घालत नाही. ज्या मुद्द्यावर मुलांचे सर्वाधिक नुकसान होते, नेमक्या त्याच मुद्द्यावर पालकांना या कायद्याचा उपयोग होत नाही.

२०१४-१५ पासून चिनी ही दुसरी भाषा म्हणून शिकण्यासाठी एक चौकट लागू झाली. चिनी मातृभाषा नसलेली दहा किंवा अधिक मुले असलेल्या शाळांना वर्षाला ८ ते १५ लाख हाँगकाँग डॉलर मिळू लागले. पैशाची ही वाढ लक्षणीय होती. तरीही ही चौकट मूळ अभ्यासक्रमाचेच लहान टप्पे पाडते; स्वतंत्र अभ्यासक्रम, त्याची क्रमिक पुस्तके आणि दुसरी भाषा शिकवण्याचे खास प्रशिक्षण घेतलेले शिक्षक यांची मागणी त्यातून भागली नाही, असा आक्षेप संस्था व पालक घेतात. तो ग्राह्य वाटतो, कारण मुलाने किती वर्षांत कोणत्या पातळीवर पोचावे हेच ठरलेले नसेल, तर कोणती शाळा मागे पडते आहे हे कळणार कसे?

परीक्षेच्या टोकाला दोन वाटा आहेत. एक, चिनी मुलांचाच शालान्त प्रश्नपत्र. दुसरी, ब्रिटिश परीक्षामंडळांची जीसीएसई ही शालान्त परीक्षा किंवा २०१४ मध्ये आणलेला ‘उपयोजित चिनी’ हा पर्याय. विशिष्ट अटींवर, उदाहरणार्थ सहा वर्षांपेक्षा कमी काळ चिनी शिकलेल्यांसाठी किंवा सोपा अभ्यासक्रम शिकवल्या गेलेल्यांसाठी, विद्यापीठे दुसऱ्या वाटेची पात्रता स्वीकारतात. पण जीसीएसईतील चिनी प्राथमिक शाळेच्या खालच्या इयत्तांएवढीच असल्याने प्रमाणपत्र हाती असूनही नोकरीतले अर्ज आणि अहवाल लिहिता येत नाहीत. शासनाने काही पदांसाठी चिनीची अट शिथिल केली आहे. खासगी मालकांवर तसे बंधन नाही.

पैसा असलेली कुटुंबे या पेचातून सुटतात. बँका व कंपन्यांत नोकरीनिमित्त गेलेले अनेक भारतीय मुलांना भरमसाट शुल्काच्या आंतरराष्ट्रीय शाळांत घालतात. बांधकामावर किंवा सुरक्षारक्षक म्हणून राबणाऱ्या बापाला तो मार्ग नाही. उर्दूसारखी घरची भाषा काही शाळांत ऐच्छिक विषय म्हणून शिकता येते. ती माध्यम व्हावी अशी मागणी मात्र फारशी ऐकू येत नाही. पालकांचे मागणे चिनी नीट शिकवा, एवढेच आहे.

या दृष्टीने बालवाडीचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. हाँगकाँगमधील बालवाड्या खासगी संस्था चालवतात आणि बहुतेकींचा कारभार चिनीतून होतो. प्रवेशाच्या मुलाखतीही कँटोनीजमधून होत असल्याने अनेक मुले इंग्रजी वर्गांकडे वळतात व तीन वर्षे हातची जातात. २०१७-१८ पासून चिनी मातृभाषा नसलेली आठ किंवा अधिक मुले असलेल्या बालवाड्यांना जादा अनुदान मिळू लागले. २०१९-२० पासून मुलांच्या संख्येनुसार त्याचे पाच स्तर करण्यात आले, त्यामुळे एकदोनच मुले असलेल्या बालवाड्याही अनुदानाच्या कक्षेत आल्या.